होड्यांची जहाजं आणि त्यांच्या डोक्यावरची विमानं: जपानी भूदलाच्या 'तोकुशुसेन'ना कोणत्या रकान्यात बसवायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. दुसऱ्या महायुद्धातल्या जहाजांची यादी तुम्ही करताय आणि अकित्सु मारु या जपानी जहाजापाशी अडला आहात. एका पुस्तकात ते 'एस्कॉर्ट विमानवाहू नौका', म्हणजे ताफ्याची हवेतून राखण करणारी छोटी विमानवाहू, म्हणून सापडलं, दुसऱ्यात 'लँडिंग क्राफ्ट वाहून नेणारं जहाज' म्हणून, आणि तिसऱ्या ठिकाणी थेट 'जगातलं पहिलं उभयचर हल्ला जहाज', म्हणजे समुद्रातून किनाऱ्यावर सैन्य उतरवणारं, म्हणून. तिन्ही एकाच वेळी खरं असू शकत नाही, मग यादीत लिहायचं काय?

आधी उत्तर देतो, मग कारणं सांगतो. अकित्सु मारु, निगित्सु मारु, कुमानो मारु आणि या सगळ्यांच्या आधीचं शिन्शू मारु यांचा मुख्य वर्ग एकच धरा: भूदलाची होडीवाहू जहाजं, म्हणजे लँडिंग क्राफ्ट पोटात घेऊन जाणारी. विमानांसाठी वेगळा रकाना करा आणि त्या रकान्यात तारीख लिहा. यामाशिओ मारुला मात्र या घरात घेऊ नका, ते दुसऱ्या घरचं आहे. 'विमानवाहू' हा शब्द पहिल्या चौघांपैकी एकाच्याही मुख्य रकान्यात येऊ देऊ नका.

माझी उमेदीची वर्षं जहाजांच्या सर्व्हेत गेली. तिथे एक सवय अंगी भिनते. नव्या जहाजावर पाय ठेवला की डोळे आधी हे शोधतात की माल कुठून आत येतो, पोटात कुठे बसतो आणि कुठून बाहेर पडतो. बाहेरचा आकार फसवतो, मालाची वाट फसवत नाही. निवृत्तीनंतर जुन्या जहाजांच्या नोंदी करायला बसलो तेव्हा या जपानी जहाजांचे आराखडे मी त्याच नजरेने पाहिले, आणि गुंता बराच सुटला.

सुरुवात शिन्शू मारुपासून करायला हवी, कारण ते न समजता लोक सरळ अकित्सु मारुच्या सपाट डेकवर उडी मारतात आणि तिथेच चुकतात.

१९३२ साली शांघायच्या लढाईत जपानी भूदलाला एक अडचण नीट कळली. सैनिक साध्या मालवाहू जहाजांतून न्यायचे, होड्या डेकवर बांधलेल्या. किनाऱ्यासमोर आल्यावर एकेक होडी डेरिकने (जहाजावरच्या क्रेनने) उचलून पाण्यात सोडायची आणि सैनिकांनी अंगावरच्या ओझ्यासकट जहाजाच्या कडेने खाली उतरायचं. समुद्र जरा उसळला की काम थांबतं. सगळ्यात वाईट म्हणजे पहिली तुकडी किनाऱ्यावर एकटी पडते, कारण दुसरीच्या होड्या अजून दोरावर लटकत असतात. उतरवणीत हा मधला वेळच माणसं मारतो.

होडी मात्र जपानकडे उत्तम होती. दाइहात्सु असं तिचं नाव. लांबी साडेचौदा मीटरच्या आसपास, पुढचं तोंड खाली पडून उताराची फळी होणारं, ७० माणसं किंवा एक हलका रणगाडा घेणारी, भरलेली असताना ताशी ८ नॉट चालणारी. १९३७ साली शांघायजवळ व्हिक्टर क्रुलाक नावाच्या अमेरिकन मरीन लेफ्टनंटने याच पडणाऱ्या तोंडाच्या होड्यांचे फोटो काढून आपल्या वरिष्ठांना पाठवले. पुढे अमेरिकेच्या लँडिंग क्राफ्टला तसंच तोंड आलं. म्हणजे होडीचा प्रश्न सुटलेला होता. राहिला होता तो भरलेल्या अनेक होड्या एकदम पाण्यात कशा सोडायच्या, हा.

त्यावरचं उत्तर म्हणजे शिन्शू मारु. भूदलाने ते हारिमा गोदीत बांधून घेतलं, जलावतरण १९३४ च्या मार्चमध्ये आणि बांधणी त्याच वर्षअखेरीला पूर्ण. जहाजाच्या आत लांबच लांब मोकळी पोकळी ठेवून तीत होड्या एकामागे एक रुळांवर उभ्या केल्या. सैनिक आणि सामान आतच, कोरड्या जागी, होड्यांत चढतात. मग बॅलास्ट टाक्यांत पाणी घेऊन जहाजाचा मागचा भाग खाली बसवतात. मागचा दरवाजा उघडतो, पाणी उंबरठ्यावरून आत येतं, आणि भरलेली होडी रुळांवरून घरंगळत थेट समुद्रात जाते. तिच्यामागे दुसरी, तिच्यामागे तिसरी. शिवाय कडेच्या डॅव्हिटवरून (होडी बाहेर झुकवून खाली सोडणाऱ्या हातांवरून) आणि डेरिकने आणखी होड्या खाली जातातच. दोराला लटकणारा वेळ जवळजवळ संपला.

आपल्या नौदलाचं आयएनएस जलाश्व ज्यांनी पाहिलंय त्यांना हे चित्र लगेच उमजेल. २००७ पासून आपल्याकडे असलेलं हे पूर्वीचं अमेरिकन ट्रेंटन, त्याच्या मागच्या पोटात पाणी घेऊन होड्या सोडतात. डेकवर हेलिकॉप्टर उतरतात, तरी जलाश्वला विमानवाहू कोणी म्हणत नाही. का म्हणत नाही, हे मनाशी एकदा स्पष्ट झालं की अकित्सु मारुचं अर्धं कोडं तिथेच सुटतं.

शिन्शू मारुवर विमानंही होती. होड्यांच्या मजल्याच्या वर हँगर होता, त्यात डझनभर विमानं राहतील एवढी जागा होती, आणि ती सोडायला दोन कॅटापल्ट, म्हणजे विमान झटक्याने हवेत फेकणारी यंत्रं. ही विमानं उडणार होती, पण परत जहाजावर येण्याची सोयच नव्हती. कल्पना अशी की किनाऱ्यावर सैनिक उतरले, शत्रूचं विमानतळ किंवा एखादं सपाट माळरान ताब्यात आलं, की विमानांनी तिथे जाऊन बसायचं. जहाजाच्या दृष्टीने ती विमानं म्हणजे सैन्याचं सामानच होतं, फरक इतकाच की हे सामान हवेतून किनाऱ्यावर पोहोचणार होतं. कॅटापल्ट पुढे काढून टाकले. होड्यांची व्यवस्था मात्र शेवटपर्यंत राहिली. जहाजाच्या आयुष्यात काय टिकलं आणि काय काढून टाकलं, हा वर्गवारीचा सगळ्यात प्रामाणिक पुरावा आहे असं मी मानतो.

१९३७ मध्ये चीनमध्ये ताकू आणि हांगचौ उपसागरात ते वापरलं गेलं. जपानने ते इतकं झाकून ठेवलं की त्याला अनेक नावं दिली, आणि यादी करणाऱ्यांसाठी इथे एक खड्डा आहे. त्यातलं एक नाव र्युजो मारु. नौदलाची र्युजो नावाची खरीखुरी विमानवाहू नौका होती. जपानी लिपीत दोन्ही नावांची चित्राक्षरं वेगळी आहेत, देवनागरीत मात्र फरक पुसला जातो. 'र्युजो' दिसलं की मागे 'मारु' आहे का आणि तारीख काय, हे पाहिल्याशिवाय नोंद करू नका. तसंच अकित्सु मारु आणि अकित्सुशिमा: दुसरी नौदलाची उडत्या बोटींना सांभाळणारी नौका. तसंच कुमानो मारु आणि क्रूझर कुमानो. या तीन जोड्या एका कागदावर लिहून टेबलासमोर चिकटवा.

१ मार्च १९४२ च्या आधीच्या रात्री जावाच्या बांताम उपसागरात शिन्शू मारु बुडालं, तेही जपानच्याच क्रूझरने सोडलेल्या पाणतीरांनी. अमेरिकन हूस्टन आणि ऑस्ट्रेलियन पर्थ या क्रूझरशी रात्रीची लढाई पेटली होती आणि चुकलेले पाणतीर पलीकडे नांगरलेल्या आपल्याच वाहतुकीच्या जहाजांत शिरले. सोळाव्या सेनेचे प्रमुख इमामुरा हितोशी याच जहाजावर होते. तेलाने माखलेल्या पाण्यात काही तास तरंगत ते किनाऱ्याला लागले. सेनापतीचं मुख्यालय होड्यांच्या जहाजावर होतं, यावरून भूदल त्या जहाजाकडे कसं पाहत होतं ते कळतं. पुढे ते वर काढून दुरुस्त केलं, आणि ३ जानेवारी १९४५ ला फॉर्मोसाजवळ (आजचं तैवान) अमेरिकन विमानांनी पेटवलं. सोडून दिलेल्या त्या सांगाड्याला अस्प्रो पाणबुडीने पाणतीर मारून तळाशी पाठवलं.

आता अकित्सु मारु. तेही हारिमाचंच, जानेवारी १९४२ मध्ये पूर्ण. पोटातली रचना शिन्शू मारुच्या वळणाची: आत होड्यांची रांग, मागे दरवाजा, २७ दाइहात्सु. वरचा भाग मात्र वेगळा. कॅटापल्टच्या जागी या जहाजाच्या माथ्यावर सपाट डेक टाकला, १२३ मीटर लांब आणि साडेबावीस मीटर रुंद. धुराडं आणि ब्रिज, म्हणजे जहाज चालवण्याचा कक्ष, उजव्या कडेला सरकवले. दुरून काढलेल्या फोटोत ते हुबेहूब छोट्या विमानवाहू नौकेसारखं दिसतं, आणि बहुतेकांनी त्याचं नाव त्या फोटोवरूनच ठरवलं.

फोटो बाजूला ठेवा आणि त्या डेकचा मागचा भाग जवळून पाहा. विमानं वर आणणारी लिफ्ट अगदी मागच्या टोकाला आहे. त्याच्याही मागे होड्या आणि सामान उचलणारे डेरिक, त्यांच्या खांबांसकट उभे आहेत. आता वैमानिकाच्या जागी बसा. विमानवाहू नौकेवर उतरायचं म्हणजे मागून यायचं, आणि इथे नेमक्या मागच्याच बाजूला खांब. मूळ बांधणीत परतणाऱ्या विमानाला पकडून थांबवणाऱ्या तारासुद्धा नव्हत्या. म्हणजे १९४२ चं अकित्सु मारु विमान वर पाठवू शकत होतं, परत घेऊ शकत नव्हतं. शिन्शू मारुचीच कल्पना, फक्त कॅटापल्टऐवजी धावपट्टी. विमानं भूदलाची 'प्रकार ९७' या नावाची लढाऊ, जी मुळात डेकवर उतरण्यासाठी बनलेलीच नव्हती.

यामुळे आकड्यांचा एक घोळ होतो, आणि तो तुमच्या यादीत नक्की शिरणार. अकित्सु मारुची विमानं किती? कुठे १३ सापडतील, कुठे ३०, कुठे ८. तिन्ही एकाच प्रश्नाची उत्तरं नाहीत. १३ म्हणजे मूळ योजनेतली, उतरवणीच्या वेळी उडून जाणारी लढाऊ विमानं. ३० म्हणजे जहाज नुसतं विमानांची ने-आण करतंय तेव्हा त्यात मावणारी, तिथे उडण्याचा प्रश्नच नाही. ८ म्हणजे १९४४ च्या बदलानंतरची हलकी टेहळणी विमानं. तीन कामं, तीन आकडे. तुमच्या तक्त्यात 'विमानसंख्या' असा एकच रकाना असेल तर त्यात कोणताही आकडा टाका, तो चुकीचाच ठरेल. 'उडवण्यासाठी' आणि 'वाहून नेण्यासाठी' असे दोन रकाने करा आणि शेजारी वर्ष लिहा. कुमानो मारुसाठी ८ ते ३७ असा आकडा छापलेला दिसतो, तो या दोन रकान्यांशिवाय वाचताच येत नाही.

टनेजमध्येही असाच खड्डा आहे. अकित्सु मारु ९,१८६ टन, आणि अकित्सु मारु ११,८०० टन. पहिला आकडा ग्रॉस टन, म्हणजे बंद जागेचं घनफळ, जसं व्यापारी जहाजाचं मोजतात. दुसरा डिस्प्लेसमेंट, म्हणजे जहाजाने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन, जसं युद्धनौकेचं मोजतात. एक जागा सांगतो, दुसरा वजन. पहिला आकडा आहे याचं कारण ही जहाजं कागदोपत्री व्यापारी होती. भूदल पैशांची मदत देऊन शिपिंग कंपनीच्या नावावर जहाज बांधून घ्यायचं आणि लगेच आपल्या कामाला लावायचं. नावातला 'मारु' तिथूनच येतो. पण 'मारु' आहे म्हणजे भूदलाचं, असा उलटा निष्कर्ष काढू नका. कामिकावा मारुसारखी पाणविमानांची जहाजं नौदलाचीच होती, व्यापारी जहाजं घेऊन बदललेली.

मालकाचा मुद्दा वर्गवारीत मी फार वर ठेवतो. जपानी भूदल आणि नौदल यांचं एकमेकांशी जमत नव्हतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. भूदलाने स्वतःच्या वाहतुकीच्या पाणबुड्यासुद्धा बांधल्या, यावरून किती ते कळेल. हिरोशिमाचं उजिना बंदर हे भूदलाच्या जहाज विभागाचं मुख्य ठाणं. अकित्सु मारुवरच्या मोठ्या तोफा पाहिल्या तर त्या नौदलाच्या नाहीत, भूदलाच्या ७५ मिलिमीटरच्या आहेत, आणि त्यांत अगदी मैदानी तोफासुद्धा. समुद्रावरचं जहाज, पण डेकवर जमिनीवरच्या तोफा. हे चित्र डोळ्यांसमोर ठेवलं की 'जपानी नौदलाची एस्कॉर्ट विमानवाहू अकित्सु मारु' असं वाक्य हातून लिहून होणार नाही.

भूदलाचे स्वतःचे शब्दही आपल्या बाजूने आहेत. या सगळ्या जहाजांना ते 'तोकुशुसेन' म्हणत, म्हणजे खास प्रकारची जहाजं. त्यात अक्षरांनी पोटवर्ग: 'को' म्हणजे उड्डाणाचा डेक नसलेली, बाहेरून साध्या मालवाहू जहाजासारखी दिसणारी, उदाहरणार्थ मायासान मारु आणि तामात्सु मारु. 'हेइ' म्हणजे डेक असलेली: अकित्सु मारु आणि निगित्सु मारु. युद्धाच्या शेवटी एम प्रकारच्या मालवाहू सांगाड्यावर बांधलेलं कुमानो मारु हे 'एम-हेइ'. म्हणजे भूदलाच्या लेखी सगळी एकाच कुळातली जहाजं होती, आणि डेक हा त्या कुळातला एक पोटभेद. आपण तो पोटभेद उचलून कुळ करतो, आणि मायासान मारु व अकित्सु मारु ही सख्खी भावंडं यादीत वेगवेगळ्या पानांवर जाऊन पडतात. यात माझ्या मते अर्थाचं मोठं नुकसान होतं, कारण वाचकाला कळतच नाही की तामात्सु मारुचं पोट आणि अकित्सु मारुचं पोट एकाच कामासाठी कोरलेलं होतं.

आता १९४४ चा बदल, कारण तुमच्या प्रश्नात खरं वजन असेल तर ते इथे आहे. त्या वर्षी अमेरिकन पाणबुड्यांनी जपानची वाहतूक कुरतडून टाकली होती. १२ जानेवारीला निगित्सु मारु हेक पाणबुडीने बुडवलं होतं. भूदलाने ठरवलं की अकित्सु मारुवर पाणबुड्या शोधणारी विमानं ठेवायची. डेक रुंद केला, विमान थांबवणाऱ्या तारा बसवल्या, डेप्थ चार्ज, म्हणजे पाण्याखाली फुटणारे पाणबुडीविरोधी बाँब, दिले. विमान निवडलं ते 'प्रकार ३' या नावाचं संपर्क विमान, की-७६. वेग फार कमी असतानाही हवेत टिकणारं, थोड्याशा जागेत उतरणारं. सोबत का-१ ऑटोजायरोचाही विचार झाला. ऑटोजायरो म्हणजे डोक्यावर मोकळा फिरणारा पंखा आणि पुढे ओढणारा साधा प्रोपेलर, हेलिकॉप्टरच्या आधीची पायरी. १९४४ च्या उन्हाळ्यानंतर त्सुशिमा सामुद्रधुनीच्या भागात अकित्सु मारुची ही विमानं पाणबुड्यांच्या शोधात गस्त घालत होती.

तेव्हा मान्य करायला हवं: या काही महिन्यांत अकित्सु मारु खरोखर एस्कॉर्ट विमानवाहू नौकेचं काम करत होतं. विमान उडत होतं, परत येऊन उतरत होतं, जहाजावरच राहत होतं. मी विमानांबाबत हेच तीन प्रश्न विचारतो: इथून उडतं का, इथेच परत उतरतं का, इथेच मुक्काम करतं का? तिन्हींना 'हो' आलं की ते काम विमानवाहू नौकेचं. शिन्शू मारुला एकच 'हो' मिळतो. १९४२ च्या अकित्सु मारुलाही एकच. १९४४ च्या उत्तरार्धातल्या अकित्सु मारुला तिन्ही.

मग मुख्य वर्ग बदलायचा का? मी बदलत नाही, आणि का ते १५ नोव्हेंबर १९४४ सांगतो.

त्या दिवशी अकित्सु मारु हि-८१ या ताफ्यात होतं. मांचुरियातल्या क्वांटुंग सेनेच्या तेविसाव्या डिव्हिजनची माणसं फिलिपिन्सच्या दिशेने निघाली होती. ताफ्यात शिन्शू मारु होतं, मायासान मारु होतं, म्हणजे अख्खं कुळ. शिवाय ताफ्याच्या राखणीसाठी शिन्यो ही नौदलाची एस्कॉर्ट विमानवाहू नौका होती, शार्नहोर्स्ट नावाच्या जर्मन प्रवासी जहाजावरून बनवलेली. हवेतून राखण करणं हे शिन्योचं काम. अकित्सु मारुचं काम काय? चौसष्टाव्या रेजिमेंटचे सैनिक घेऊन जाणं. सपाट डेकची दोन जहाजं एकाच ताफ्यात, एक राखणदार आणि एक राखायचं. पुस्तकाच्या पानावर दोघांना एकाच शीर्षकाखाली टाकलं तर हा फरकच दिसेनासा होतो.

क्वीनफिश पाणबुडीने गोतो बेटांजवळ अकित्सु मारुला पाणतीर मारले. मागच्या भागात ठेवलेल्या डेप्थ चार्जचाही स्फोट झाला आणि जहाज काही मिनिटांत गेलं. २,००० हून अधिक माणसं मेली. एस्कॉर्ट विमानवाहू नौकेच्या नोंदीत एवढे सैनिक का होते याचं उत्तरच मिळत नाही. होडीवाहू, सैन्यवाहू जहाजाच्या नोंदीत ते न विचारताच समजतं. दोन दिवसांनी, १७ नोव्हेंबरला, पिकुडा पाणबुडीने मायासान मारु बुडवलं आणि त्याच दिवशी स्पेडफिशने शिन्योलाही. मायासान मारुवरची हानी याहून मोठी होती. तीन महिन्यांपूर्वी, १९ ऑगस्टला, तामात्सु मारुबरोबर ४,००० हून अधिक माणसं गेली होती. या जहाजांच्या पोटातली मोकळी जागा होड्यांसाठी होती. त्या जागेत दाटीवाटीने माणसं भरली की पाणी आत आल्यावर बाहेर पडायला वाटच उरत नव्हती. वर्गवारी म्हणजे नुसतं शीर्षक नव्हे, असं मी नव्या मंडळींना सांगतो तेव्हा माझ्यासमोर हीच पोटं असतात.

म्हणून माझ्या नोंदीत अकित्सु मारुचं पान असं आहे: वर्ग, भूदलाचं होडीवाहू जहाज, तोकुशुसेन हेइ. खाली दोन ओळी. १९४२ ते १९४४ चा पूर्वार्ध: विमानं उडवण्याची सोय, उतरण्याची नाही, प्रत्यक्ष वापर प्रामुख्याने वाहतुकीसाठी. १९४४ चा मधला काळ: पाणबुडीविरोधी गस्त, विमानं उडतात आणि उतरतात. शेवटची मोहीम: सैन्यवाहतूक.

'जगातलं पहिलं उभयचर हल्ला जहाज' या वाक्याबद्दल दोन शब्द. ते आकर्षक आहे म्हणूनच त्याची मला भीती वाटते. आजच्या उभयचर हल्ला जहाजांचा मुख्य मुद्दा असा की डेकवरून हेलिकॉप्टर सैनिकांनाच उचलून किनाऱ्यापलीकडे नेऊन उतरवतं. ही कल्पना १९५० च्या दशकातली. १९५६ मध्ये सुएझला ब्रिटिशांनी ओशन आणि थिसियस या विमानवाहू नौकांवरून हेलिकॉप्टरने सैनिक उतरवले, १९६१ मध्ये अमेरिकेचं इवो जिमा हे जहाज त्यासाठीच बांधून तयार झालं, आणि डेक, हेलिकॉप्टर व पोटातली होड्यांची गोदी हे सगळं एकत्र आलं ते १९७६ च्या टारावामध्ये. अकित्सु मारुच्या विमानांनी एकही सैनिक किनाऱ्यावर नेला नाही आणि तशी योजनाही नव्हती. पोटातल्या गोदीच्या बाबतीत पाहिलं, तर १९४३ चं अमेरिकन अ‍ॅशलँड ब्रिटिशांच्या मागणीतून आलेलं आहे; ते जपानी नकलेतून आलं असं दाखवणारा धागा मला सापडलेला नाही. दिसायला सारखं म्हणजे वंशज, असं जहाजांत होत नाही. सारखी अडचण आली की वेगवेगळ्या गोद्या सारखं उत्तर काढतात. शिन्शू मारुबद्दल 'भरलेल्या होड्या मागच्या दारातून सोडण्यासाठीच बांधलेलं, आपल्या काळाच्या फार पुढे असलेलं जहाज' एवढं खुशाल लिहा. ते खरं आहे आणि पुरेसं मोठं आहे.

यामाशिओ मारुला वेगळं का काढलं तेही सांगतो, कारण ते भूदलाचंच आणि त्याच्यावरही सपाट डेक. तेलवाहू सांगाड्यावर टाकलेला डेक, पोटात होड्यांची रांग नाही, मागे दार नाही. की-७६ घेऊन ताफ्याची राखण करायची एवढाच हेतू. नौदलाचं शिमाने मारु हे याचं खरं जोडीदार, तेही तेलवाहू सांगाड्यावरचं. ही दोन्ही निखालस एस्कॉर्ट विमानवाहू, एक भूदलाचं आणि एक नौदलाचं, आणि दोघांनाही काम करायला मिळालं नाही. यामाशिओ मारु जानेवारी १९४५ मध्ये पूर्ण झालं आणि १७ फेब्रुवारीला योकोहामात बाँबखाली गेलं. शिमाने मारु २४ जुलैला ब्रिटिश विमानांनी फोडलं. इथे मालक कोण हा प्रश्न वर्ग ठरवत नाही, मालाची वाट ठरवते. मालक दुसऱ्या क्रमांकावर, हे मी आधीच बोललो असतो तर बरं झालं असतं.

काठावरची काही जहाजं तुम्हाला आणखी सतावतील. निस्शिन ही नौदलाची पाणविमानांची नौका सॉलोमन बेटांत सैनिक आणि रणगाडे नेत असे आणि २२ जुलै १९४३ ला तशाच फेरीत बुडाली. विमानं आहेत, भूदलाचं सामान आहे, तरी ती उभयचर जहाज नाही. ओढाताणीच्या काळात तिला मालगाडी केलं एवढंच. उलट १९४४ पासूनची नौदलाची टी-१ प्रकारची वेगवान जहाजं मागच्या उतारावरून दाइहात्सु सोडत, ती उतरवणीचीच, पण विमानांशी त्यांचा संबंध नाही. दोघांनाही तुमच्या 'विमानं असलेली उभयचर जहाजं' या यादीत घेऊ नका.

राहिलं कुमानो मारु. हिताची कंपनीच्या इन्नोशिमा गोदीत बांधलेलं, ३१ मार्च १९४५ ला पूर्ण. डेक पूर्ण सपाट, वर ब्रिज नाही, धूर उजव्या कडेने बाहेर, आत होड्या. या कुळातली सगळ्यात जुळलेली रचना, आणि ती तयार झाली तेव्हा उतरवणी करायला किनारा उरला नव्हता, उडवायला इंधन उरलं नव्हतं. ते युद्धातून वाचलं आणि १९४७ पर्यंत परदेशात अडकलेल्या जपानी माणसांना मायदेशी आणत राहिलं, मग १९४८ मध्ये कोबेत मोडीत निघालं. त्याच्या पानावर वर्ग एम-हेइ लिहा, विमानांच्या दोन्ही रकान्यांत 'योजना' असं लिहा, आणि 'प्रत्यक्ष काम' या रकान्यात, जो मी सगळ्या पानांवर ठेवतो, 'माणसं घरी आणणं' असं लिहा. त्या रकान्यात त्याच्यापुरती तेवढीच नोंद आहे.